आडनावाआधी विहीर

कौसा, काल तुझ्या मागं तुमच्या रीतीनं तुझं पुण्यानुमोदन झालं. लोक बोलायला उभे राहिले. कुणी म्हणालं तू मायाळू होतीस, कुणी म्हणालं शांत होतीस. शांत म्हटल्यावर मला हसू आलं. मी मागं पदर तोंडाला लावून बसले होते. शेजारच्या बाईला वाटलं मी रडते, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तू कुणा अनोळखी माणसाजवळ बसलीस आणि तो न बोलता उठून गेला, असं मी कधी पाहिलं नाही. बसमध्ये, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत तुझं तोंड चालूच असायचं. लोकांच्या नाकी नऊ यायचे. पण हे सांगायला मी उठले नाही. चारचौघांत बोलणं माझं काम नाही, ते तुझं होतं.

मला तुला सोमवारचं सांगायचं आहे. दवाखान्यात तू सारखी तेच विचारत होतीस, "गया, सोमवारी जाशील ना?" मी म्हणाले, "बघू." कामगार नाक्यावरच्या बायकांनी तुला शब्द दिला होता की सोमवारपासून भर उन्हात बारा ते चार काम करायचं नाही, सगळ्यांनी मिळून मुकादमाला सांगायचं. तू शुक्रवारी गेलीस. सोमवार तुझ्याशिवाय आला. त्या दिवशी काय झालं ते तुला कळायला हवं, पण एकदम तेच लिहायला हात धजत नाही. आधी जरा मागचं लिहिते.

तू मला भेटलीस तेव्हा वाळूजच्या माळावर कारखाने उठत होते. आमचं घर मेंढरांचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं आणि मृगाच्या आधी परतायचं, हे सासऱ्याच्या बापापासून चाललेलं. त्या माळाला तारेचं कुंपण पडलं आणि मेंढरं विकावी लागली. नवरा त्याच माळावरच्या एका गेटवर वॉचमन लागला. जिथं मेंढरं आत घालायचा तिथंच उभा राहून लोकांना आत जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं नवं काम. मी बांधकामावर घमेली वाहायला जाऊ लागले. जेवणाच्या सुट्टीत तू माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि भाकरी सोडायच्या आत विचारलंस, "तुमच्याकडं विहिरीला पाणी कुठवर आलंय?"

मी विचारलं, "तुम्ही कुठल्या? आडनाव काय?"

"आधी विहिरीचं सांगा."

"का? विहीर पळून चाललीय का?"

"विहीर नाय पळत," तू म्हणालीस. "माणूस पळतो. आडनाव ऐकलं की."

नामांतराचे दिवस होते ते. आपल्याकडं दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न गावाचा, दुसरा आडनावाचा. त्यात वाईट काही आहे असं आम्हाला वाटायचं नाही, कारण आमचं आडनाव ऐकून कुणी आमचं घर जाळलं नव्हतं. तुमचं जाळलं होतं. कन्नड तालुक्यातल्या तुमच्या गावात, विद्यापीठाच्या नावाच्या पायी. हे तू मला फार उशिरा सांगितलंस, तेही तुकड्या-तुकड्यानं. ज्वारीची कणगी जळत होती, भाजल्या ज्वारीचा वास सुटला होता, आणि पळता पळता तुला भूक लागली. घर जळल्याचं तू ताठ मानेनं सांगायचीस. भूक लागल्याचं सांगताना मात्र खाली बघायचीस.

शहरात आल्यावर मोर्चासाठी बायका गोळा करायला तू परक्या वस्त्यांमधून फिरलीस. तिथं तुझी ही रीत बसली. आडनावावर बोलणं पोचायच्या आत माणसाला त्याच्या घरचं काहीतरी सांगायला लावायचं. त्याला विहीर सगळ्यात बरी. विहिरीचं प्रत्येकालाच सांगायचं असतं. किती पुरुष खोल, कोणत्या सालात आटली, कुणाच्या आजोबानं खणली. ज्या विहिरींवर तुला पोहरा टाकू दिला नव्हता त्यांचीच चौकशी तू करायचीस. मी एकदा विचारलं, "तुला राग येत नाही का?"

तू म्हणालीस, "येतो की. पण सांगताना तो माणूस माझ्याबरोबर वाकून विहिरीत बघतो. तेवढा वेळ आम्ही दोघं काठावर असतो."

माझी सासू तर तुला ओसरी चढू देत नव्हती. तू खालीच पायरीवर बसून तिला विचारलंस, "आजी, मेंढरं परत फिरवायची वेळ कशी कळायची तुम्हाला?"

सासू सुरू झाली. बहावा फुलला की परतायचं, अमक्या पाखराची हाळी आली की थांबायचं नाही. "आन् आता? आता त्या बहाव्याचं डोस्कं फिरलंय. कवाबी फुलतंय मेलं." सूनबाई म्हणून मी त्या घरात इतकी वर्षं काढली, माझ्याशी ती एवढं बोलली नव्हती. तू गेल्यावर म्हणाली, "पोरगी चांगली हाय गं. कुणाची?" मी सांगितलं. सासूनं पाण्याचा तांब्या आत नेऊन ठेवला. मग म्हणाली, "पाणी वरून घालत जा तिला." बस, एवढंच. मला शरम वाटली, मी तुला सांगितलं नाही, पण तू ओळखलंस. म्हणालीस, "आजी घटकाभर बोलली ना माझ्याशी? ते बोलणं ती आता परत नाय घेऊ शकत." तुझं हे असलं समाधान मला तेव्हाही आवडलं नाही. आजही आवडत नाही. फार थोड्यावर भागवायचीस तू.

नामांतर झालं. तुम्ही नाचलात, पेढे वाटलेत, मलाही एक मिळाला. पण तुझी विचारायची सवय काही सुटली नाही. पैठणच्या बसमध्ये, कन्नडच्या बाजारात, दिसेल त्याला विहिरीचं विचारायचंच. होता होता तुझ्याजवळ इतक्या गावांचं ऐकलेलं जमा झालं की तूच घाबरलीस. सगळे एकच सांगत होते. ऊन लवकर येतंय. गारा भलत्याच महिन्यात पडतात. पाऊस येतो तो एकाच दिवसात सगळा ओतून जातो. रात्रीचा गारवा गेला. एक दिवस तू घरी आलीस आणि चपला काढता काढता म्हणालीस, "गया, ह्याला नाव हाय म्हणं. हवामान बदल. वस्तीत एक पोरगी येऊन सांगून गेली. सगळ्या जगात चाललंय."

मी म्हणाले, "नाव कळल्यानं काय होतं?"

तू माझ्याकडं बघितलंस. "मला इचारतीस? नावापायी लोकं मेली हायेत आमची."

तेवढ्या एका वेळी तू मला गप्प केलंस.

पण पुढं मी तुला सोडलं नाही. शहागंजातला तो कूलरचं गवत भरून देणारा पोरगा आठवतो? दुकान म्हणजे एक फळी आणि गवताचा ढीग. तू नेहमीसारखी सुरू झालीस, गरमी कशी वाढली, पहिलं असं नव्हतं. तो हसायला लागला. "क्या अम्मा, तुमारी बातां सुनको और गरमी लगती. गरमी बढ़ी तो हमारा धंदा बढ़ता. तुम कायको उसके पीछे पड़े?"

"बढ़ने दो बेटा," तू म्हणालीस. "तुमारे घर में कूलर है क्या?"

त्यानं हातातलं गवत खाली ठेवलं. मग म्हणाला, "हम ऊपर रहते, पत्रे के नीचे. कूलर कहाँ रखना? अम्मी चादर भिगाको ओढ़ती. आँख लगती नहीं तो सूख जाती." त्यानं चहा मागवला. आपण प्यायलो. मग त्यानं तुला विचारलं, अगदी साधेपणानं, "तो करना क्या अम्मा? बोलो."

तू चहाच संपवत बसलीस.

परत येताना रिक्षात आपलं भांडण झालं. मी म्हणाले, त्या पोराची झोप तू आणखी उडवलीस. आता रात्री आईच्या चादरीकडं बघत बसेल. तुला पहिलं वाक्य येतं, शेवटचं येत नाही. नामांतराच्या वेळी तुझ्याजवळ मागणी होती, एका ओळीची. विद्यापीठाला हे नाव द्या. कुणाकडं मागायचं तेही माहीत होतं. मोर्चा कुठं न्यायचा ते माहीत होतं. आता उन्हाविरुद्ध मोर्चा कुठं नेणार तू? सूर्याच्या दारात? रिक्षावाला हसला. तू हसली नाहीस. म्हणालीस, "मला बी नाय म्हाईत. पण गप बसून काय होतं ते तरी सांग."

"निदान माणसं झोपतात," मी म्हणाले.

"पत्र्याखाली?"

ते भांडण तसंच राहिलं. ह्या ना त्या बहाण्यानं आपण ते वर्षानुवर्षं भांडलो. मधे शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, वाळूजच्या रस्त्याची झाडं गेली, माझा नवरा गेला, तुझाही गेला. भांडण तेवढं टिकलं.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, ती आता सांगून उपयोग नाही तरी सांगते. मला तुझं पटायचं. पटत नसतं तर मी गप्प बसले असते. मी मेंढरांमागं वाढलेली बाई, हवा बिघडली हे मला तुझ्याआधी कळलं होतं. पण मला वाटायचं, कळून करायचं काय? आणि तुला वाटायचं, सांगितलं की काहीतरी होईल. मी तुझ्यावर चिडायचे ते ह्यासाठी. आणि हेही खरं की तू त्या दिवशी भाकरी घेऊन शेजारी बसली नसतीस तर मी सासू आणि नवरा सोडून कुणाशी न बोलता मेले असते. माझ्यासारख्या बाईला मैत्रीण असते हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तू कामगार नाक्यावर जायला लागलीस. सकाळी बायका तिथं काम मिळायची वाट बघत उभ्या राहतात, मुकादमाचा टेम्पो आला की चढतात. एके काळी आपणही अशाच उभ्या राहायचो. पहिल्या दिवशी मी तुझ्याबरोबर होते. तू एका पोरीला विचारलंस, रेखा तिचं नाव, "पोरी, तुमच्याकडं विहिरीला पाणी कुठवर हाय?"

"कोणती विहीर, मावशी? आमच्याकडं नळ आला तर येतो. नायतर जार."

मागून एक म्हणाली, "मावशी विहीर इकायला आल्यात वाटतं. घेऊन टाक गं रेखा, दारात ठिवायला बरी." सगळ्या हसल्या. तूही हसलीस, पण घरी येईपर्यंत तुझा चेहरा उतरला होता. ह्या पोरींनी विहिरीत कधी वाकून बघितलंच नव्हतं. इतक्या वर्षांचा तुझा धंदा एका सकाळी बसला. मी म्हणाले, "आता तरी घरी बस."

दुसऱ्या दिवशी तू एकटी गेलीस आणि वेगळंच विचारलंस. "रात्री झोप लागती का गं?" संध्याकाळी मला सांगायला आलीस तेव्हा डोळे चमकत होते. म्हणालीस, एकेक बाई बोलायला लागली ती थांबेना. पत्र्याचं सांगितलं, लेकरांच्या अंगावरच्या घामोळ्यांचं सांगितलं, दुपारी साइटवर चक्कर येते आणि घमेलं डोक्यावरून सुटतं त्याचं सांगितलं. एकीचं पोटातलं पोर उन्हाळ्यात गेलं, ते तिनं घरात कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. "मग त्यांनी इचारलं, करायचं काय," तू म्हणालीस. "आन् ह्या वेळी मला आलं, गया. बारा ते चार. हे मागता येतं. उन्हाला तोंड नाय, मुकादमाला हाय."

मला तेव्हा तुझं बरं वाटलं. खरंच वाटलं. अखेर तुला शेवटचं वाक्य सापडलं होतं.

हिवाळ्यात तू त्यांना सोडलं नाहीस. ह्या उन्हाळ्यात परत सुरू झालीस. एकटी बाई नाही म्हणाली तर मुकादम तिला उद्यापासून उचलणार नाही, हे त्यांना माहीत होतं, म्हणून सगळ्यांनी एकदम म्हणायचं ठरलं. मुकादम काय वाईट माणूस नाही, त्याच्या डोक्यावर ठेकेदार आहे, ठेकेदाराच्या डोक्यावर आणखी कुणी. ते तुला माहीत होतं. तरी सोमवार ठरला.

मग बुधवारी तुझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. बायका दुपारी कुठं बसतात ते डोळ्यानं बघायचं म्हणून तू त्यांच्याबरोबर टेम्पोत चढून साइटवर गेलीस. ह्या वयात. मला विचारलं असतंस तर मी तुझा हात धरून ठेवला असता, म्हणूनच विचारलं नाहीस. तिथं सावली नव्हती. पाण्याची टाकी उन्हात तापलेली. एका बाईनं तुला सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचा आडोसा करून दिला. संध्याकाळी रेखानं तुला रिक्षात घालून घरी पाठवलं तेव्हा तुझं अंग कोरडं होतं आणि तव्यासारखं तापलं होतं. तू मला ओळखलं नाहीस. मला "आजी" म्हणालीस.

गुरुवारी दवाखान्यात तुला शुद्ध आली. तेव्हाच ते सोमवारचं विचारणं सुरू झालं. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही तू काहीतरी विचारत होतीस. मी म्हणाले, "आता तरी पड गुमान." तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं ते. ह्याहून बरं काही सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही.

शुक्रवारी दुपारच्या आत तू गेलीस. डॉक्टर तुझ्या पोराला म्हणाले, वय होतं, हृदय थांबलं. हृदय सगळ्यांचंच थांबतं. ते का थांबलं ते कुणी विचारलं नाही, आणि तुझ्या पोराची त्या वेळी विचारायची अवस्था नव्हती.

आता सोमवार.

मी गेले. बघू म्हणाले होते, तरी गेले. ऊन सकाळीच चावत होतं. बायका उभ्या होत्या, नेहमीपेक्षा जास्तच होत्या. मी एका बाजूला जाऊन उभी राहिले. कुणाशी काय बोलावं ते मला कळेना. रेखानंच मला ओळखलं. जवळ आली आणि म्हणाली, "मावशी, त्या मावशी नाय आल्या? बरं वाटलं का त्यांना?"

मी म्हणाले, "मेली."

"कशानं?"

"उन्हानं."

तुझ्यासारखं गोड बोलून, वळण घेऊन मला सांगता आलं नाही. एक एक शब्द तेवढा निघाला. रेखानं मागं वळून दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. एक बाई मटकन खाली बसली. ती सिमेंटच्या पिशव्यांचा आडोसा करणारी असावी, मी विचारलं नाही. मला वाटलं, कौसा, आता ह्या बोलतील. इतके दिवस तू सांगून सांगून जे झालं नाही ते आता तुझ्या मरणानं होईल. मला तसं वाटलं, हे मी कबूल करते. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझ्यासारखं वाटलं.

टेम्पो आला. मुकादम उतरला. बायका इतक्या गप्प कधी नसतात, त्यालाही ते जाणवलं. त्यानं विचारलं, "काय झालं गं? कुणाचं काय झालं?"

सगळ्या रेखाकडं बघायला लागल्या. तिनंच बोलायचं असं ठरलं होतं. तिनं तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं. तिच्या गळ्यात मंगळसूत्राचं सोनं उरलं नाही, नुसती काळी पोत आहे, आणि समोरच्या बोळात तिची लहान पोरगी आजीजवळ उभी होती, हे मला तेव्हाच दिसलं. ती म्हणाली, "काय नाय, दादा."

"मग चला, ऊन व्हायच्या आत."

त्या चढल्या. एकामागून एक. खाली बसलेली बाईसुद्धा उठली, लुगड्याची माती झटकली आणि चढली. रेखा सगळ्यात शेवटी. जाताना तिनं माझ्या हाताला हात लावला. मला तिचा राग आला नाही. येईल असं वाटलं होतं, आला नाही. तिच्या जागी मीही तेच म्हणाले असते. तिच्या जागी मी उभी राहिलेलीच आहे.

टेम्पो वळून गेला. नाक्यावर ज्यांना काम मिळालं नाही असे चार पुरुष राहिले, एक चहाची गाडी आणि मी. मी किती तरी वेळ तिथंच उभी होते. कुणी मला काही विचारलं नाही. मीही कुणाला काही विचारलं नाही.

सोमवार असा गेला.